एका घराची चार आडनावे

आमच्या घराण्यात आज चार आडनावे नांदतात. आजोबा पिंजारी. पिंजण खांद्यावर टाकून ते गावोगाव फिरायचे, दिवाळीनंतर लोकांच्या गाद्या-लेपातला कापूस पिंजून द्यायचे. वडिलांनी तालुक्याला दुकान टाकले, त्यावर पाटी लावली ती नदाफ या नावाची. धाकटे चुलते मुंबईला गेले, तिथल्या जमातीत बसू-उठू लागले आणि मन्सुरी झाले. राहता राहिलो आम्ही. आम्हाला शाळेत घालायला वडील घेऊन गेले तेव्हा गुरुजींनी वर न पाहताच विचारले, "मुसलमान ना?" वडील हो म्हणाले. गुरुजींनी आडनावाच्या रकान्यात 'शेख' लिहिले आणि पुढच्या मुलाला बोलावले. त्या दिवसापासून आम्ही शेख आहोत. आमच्या वर्गात आणखी सहा शेख होते. त्यांतले दोन बागवान, एक तांबोळी, एक मुलाणी आणि एक शिकलगार होता. खरा शेख एकच, आणि त्याला सगळे 'पाटील' म्हणायचे.

हे सगळे हसण्यावारी नेण्यासारखे आहे, आणि आम्हीही बरीच वर्षे ते हसण्यावारीच नेले. पुढे मुलीच्या दाखल्याच्या वेळी ते हसू मावळले. ती गोष्ट शेवटी सांगू. आधी या चार शब्दांकडे पाहू.

पिंजारी हा शब्द सरळ मराठी आहे. जो पिंजतो तो पिंजारी. नदाफ अरबी आहे, मूळ उच्चार नद्दाफ. अर्थ तोच, कापूस पिंजणारा. म्हणजे वडिलांनी पाटीवर लिहिले ते आजोबांचेच आडनाव, फक्त दुसऱ्या भाषेत. त्यांना ते ठाऊक होते की नाही, सांगता येत नाही. पिंजारी म्हटले की दारात उभे राहावे लागते आणि नदाफ म्हटले की गादीवर बसता येते, एवढे मात्र त्यांना ठाऊक असणार. मन्सुरीची कथा याहून रंगतदार आहे. सन ९२२ मध्ये बगदादला एका सूफीला सुळावर चढवले गेले. 'अनल हक' म्हणणारा तो मन्सूर हल्लाज. हल्लाज म्हणजेही कापूस साफ करणारा, पिंजणारा. हिंदुस्थानातल्या पिंजाऱ्यांनी त्याला आपला पूर्वज, आपला पीर मानले आणि त्याच्या नावावरून स्वतःला मन्सुरी म्हणवले. गंमत अशी की त्या सूफीचे स्वतःचे नाव हुसेन होते. मन्सूर हे त्याच्या वडिलांचे नाव. हुसेन बिन मन्सूर अल-हल्लाज. जगाने मुलाला बापाच्या नावाने ओळखले आणि आमच्या चुलत्यांनी ते बापाचे नाव आडनावाला लावले. पिंजारी, नदाफ, हल्लाज, मन्सुरी असा सगळा फेरा मारून आपण परत त्या तातेच्या 'टण् टण्' आवाजाशीच येऊन पोचतो.

चौथा शब्द शेख. अरबीत त्याचा मूळ अर्थ म्हातारा, वयाने आणि मानाने मोठा माणूस. टोळीचा प्रमुख शेख, सूफींचा गुरू शेख, मदरशाचा पंडित शेख. हिंदुस्थानात सय्यद, शेख, मोगल, पठाण अशा चार घरांत मुसलमानांना बसवण्याची रीत पडली, तेव्हा ज्यांना दुसरीकडे कुठेच जागा नव्हती ते सगळे शेखांच्या घरात गेले. इंग्रजांच्या खानेसुमारीने त्या घराचे दार आणखी रुंद केले. उत्तरेत त्यावर एक फारसी म्हणच होती. गेल्या साली आपण विणकर होतो, यंदा शेख झालो, धान्याचा भाव चढला तर पुढल्या साली सय्यद होऊ, असा तिचा आशय. म्हण करणारा अर्थातच विणकर नव्हता.

आडनाव ही चीज आपण समजतो तितकी जुनी नाही, हे इथे सांगितले पाहिजे. अरबांच्या जुन्या नावपद्धतीत आडनाव नव्हतेच. माणसाच्या नावाला पाच कप्पे असत. इस्म हे जन्माचे नाव. कुनियत म्हणजे 'अमक्याचा बाप' किंवा 'अमक्याची आई', जसे अबू बक्र. नसब म्हणजे बापाचे, आजाचे नाव, इब्न किंवा बिन्त लावून. लकब म्हणजे पदवी किंवा लोकांनी ठेवलेले नाव. आणि निस्बत म्हणजे गाव, टोळी, धंदा. समाजशास्त्राचा पाया घालणाऱ्यांत ज्याचे नाव घेतात त्या इब्न खल्दूनचे नाव अबू झैद अब्दुर्रहमान बिन मुहम्मद बिन खल्दून अल-हदरमी. जन्म ट्युनिसचा, १३३२ सालचा, पण नावाच्या शेवटी यमनमधले हदरमौत. शेकडो वर्षांपूर्वी सोडलेला मुलूख नावाच्या शेपटीला चिकटून राहिला. गणितज्ञ ख्वारिझ्मीच्या बाबतीत तर निस्बतच जगभर गेली. आज संगणकाच्या पोरासोरांच्या तोंडी असलेला 'अल्गोरिदम' हा शब्द म्हणजे 'ख्वारझमचा रहिवासी' एवढेच.

आता ही निस्बत आणि आपल्या कोकणातला 'कर' यांत फरक काय? बुखाऱ्याचा तो बुखारी, पेणचा तो पेणकर. आम्हाला तर काहीच फरक दिसत नाही. कोकणी मुसलमानांची निम्मी आडनावे 'कर' लावलेली आहेत आणि त्यांतले गाव बहुधा खाडीकाठाला सापडते. उरलेल्यांत समुद्र आहे. नाखवा म्हणजे फारसी नाखुदा, जहाजाचा धनी. सारंग हा फारसी सरहंग, खलाशांचा मुकादम. काझी, खतीब, फकीह ही मशिदीची आणि न्यायाची नावे. खोत, मुकादम, देशमुख, देसाई ही जमिनीची. आणि दलवाई? हमीद दलवाईंमुळे महाराष्ट्रभर माहीत झालेले हे आडनाव दक्षिणेतल्या 'दळवायी'शी, म्हणजे सेनानायकाशी नाते सांगते. मिरजोळीच्या एका मुसलमान घराच्या आडनावात कानडी फौज उभी आहे.

याच किनाऱ्यावर आणखी एक समाज 'कर' लावून राहिला, तो बेने इस्रायल यहुद्यांचा. घाण्यावर तेल गाळणारे आणि शनिवारी काम बंद ठेवणारे, म्हणून लोक त्यांना 'शनवार तेली' म्हणत. त्यांची आडनावे रोहेकर, पेणकर, दिवेकर, केहिमकर. त्या समाजाचा इतिहास लिहिणारे हाईम सॅम्युअल केहिमकर घ्या. पहिली दोन नावे तौरातच्या मुलखातली आणि तिसरे अलिबागजवळच्या किहीमचे. पाठीमागच्या गल्लीतला मुसलमान, पुढच्या गल्लीतला यहुदी आणि वाडीतला ब्राह्मण, तिघांच्या नावाचा शेवट एकाच अक्षराने होतो. आडनावावरून धर्म ओळखू पाहणाऱ्या माणसाची कोकणात फार पंचाईत होते, आणि ती तशीच होत राहावी असे आम्हाला मनापासून वाटते.

देशावर 'कर' कमी आणि धंदा जास्त. अत्तार, तांबोळी, बागवान, मणियार, मोमीन, शिकलगार, पिंजारी. शिकलगार या शब्दात अरबी 'सैकल' म्हणजे पॉलिश, धातूला आणलेली झळाळी आहे. तलवारींना धार आणि चकाकी देणारे ते शिकलगार. पेशवाईतले नामांकित शाहीर सगनभाऊ हे जेजुरीचे मुसलमान शिकलगार होते. लावणीच्या अभ्यासकांखेरीज किती जणांना हे ठाऊक असते? 'सगनभाऊ' या नावावरून ते कळत नाही, आणि त्या काळी कुणाला ते कळवून घ्यायची गरजही पडली नसावी. मुलाणी तर गावगाड्यातच होता. बलुत्या-अलुत्यांच्या याद्यांत मुलाण्याचे नाव येते. मशिदीची देखभाल आणि बकरे हलाल करणे ही त्याची कामे, आणि त्याबद्दल इतरांप्रमाणे त्याचा खळ्यावरचा हक्क. मराठ्यांच्या घरच्या जत्रेचे बकरेही तोच कापायचा. मोमीन म्हणजे इमानदार, श्रद्धावंत. विणकरांनी हा शब्द घेतला. कच्छ-काठियावाडकडच्या व्यापाऱ्यांचा मेमन हाही त्याच मोमीनचा बदललेला उच्चार सांगतात. एकच शब्द मागावर बसला आणि पेढीवरही बसला.

आणि आता उलट्या बाजूने पाहू, कारण याद्या नेहमी आपल्याच आडनावांच्या होतात. चिटणीस, फडणीस, पोतनीस, कारखानीस, पारसनीस. ही सारी 'नवीस'ची पिल्ले आहेत. नवीस म्हणजे फारसीत लिहिणारा. पारसनीस म्हणजे तर खुद्द फारसी लिहिणारा. मुजुमदार, दफ्तरदार, जहागीरदार, इनामदार, सुभेदार, किल्लेदार, मिरासदार यांतला 'दार' फारसी. शिवाजी महाराजांनी फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द द्यायला राज्यव्यवहारकोश करवून घेतला. १६७४ च्या राज्याभिषेकात पदेही बदलली. पेशवा मुख्य प्रधान झाला, मुजुमदार अमात्य झाला, डबीर सुमंत झाला, सरनोबत सेनापती झाला. दरबारातून शब्द गेले. पण घरातून गेले नाहीत. आज पुण्या-कोल्हापुरात डबीरही आहेत, सरनोबतही आहेत, मुजुमदार तर आहेतच, आणि पेशवे हा शब्द तर पुढे शंभर वर्षे साऱ्या हिंदुस्थानाने ऐकला. राजाच्या हुकमाने पद बदलते. माणसाला हाक मारायची सवय इतक्या लवकर बदलत नाही.

याहून नवल वाटावे अशी गोष्ट जुन्या मोडी कागदांत आहे. पाटलांचे, कुणब्यांचे महजर आणि खरेदीखते पाहा. तिथे नावे येतात ती 'अमकोजी बिन तमकोजी' अशी. हा 'बिन' म्हणजे हुसेन बिन मन्सूरमधला 'बिन', शुद्ध अरबी. काही ठिकाणी 'वलद' येते, तेही अरबीच, अर्थ मुलगा. बायकांच्या नावापुढे 'कोम' लिहून नवऱ्याचे नाव. विठोबाच्या वारीला जाणारा कुणबी कागदावर बापाचे नाव सांगताना अरबी शब्द वापरत होता आणि त्याच्या विठोबाला त्याने काही बाधा येत नव्हती. त्या काळी खेड्यातल्या नावात आडनाव बहुधा नसेच. नाव, बापाचे नाव, गाव आणि वतन. म्हणजे निस्बत आणि नसब. मराठी गाव तीनशे वर्षे अरबी चौकटीत नाव लिहीत होते, असे म्हटले तर आपल्यातल्या आणि त्यांच्यातल्या काही लोकांना सारखाच राग येईल.

जन्मनावांचेही तसेच. मालोजी भोसल्यांना मूल होत नव्हते, त्यांनी अहमदनगरच्या शाह शरीफ पीराला नवस केला आणि मुले झाल्यावर त्यांची नावे शहाजी आणि शरीफजी ठेवली, असे बखरी सांगतात. कान्होजी आंग्र्यांच्या एका मुलाचे नाव शेखोजी. खेड्यापाड्यांतले पिराजी आणि फकिरा तर आपल्या अंगणातले. अण्णा भाऊ साठ्यांच्या १९५९ सालच्या कादंबरीचा नायक मांग आहे आणि त्याचे नाव फकिरा आहे. आपल्याकडे तर नावावरून दर्गा ओळखता येतो. मीरासाहेब नावाचा माणूस भेटला की घर मिरजेच्या आसपासचे धरावे. बंदेनवाज असेल तर गुलबर्ग्याकडे पाहावे. दस्तगीर, मेहबूब ही बगदादच्या अब्दुल कादिर जिलानींची नावे, ती सगळीकडे सापडतात. आजीच्या पिढीत चाँदबी, हिराबी, गुलाबबी, मालनबी अशा बायका होत्या. 'बी' काढले तर शेजारच्या वाड्यातली नावे. मेहबूब हुसेन पटेल या नावाचा बार्शीचा गिरणी कामगार शाहीर झाला तेव्हा त्याने, किंवा त्याच्या साथीदारांनी म्हणा, अमर शेख हे नाव घेतले. अमर संस्कृत, शेख अरबी. संयुक्त महाराष्ट्राच्या सभांत ते नाव पुकारले गेले तेव्हा कुणी त्याची फोड करत बसले नाही.

दख्खनच्या सुलतानांची नावे तर वेगळ्या लेखाचा विषय आहे. दोनच सांगतो. १३४७ साली हसन नावाच्या सरदाराने स्वतंत्र राज्य उभारले. फरिश्ता सांगतो की हा हसन दिल्लीत गंगू नावाच्या ब्राह्मणाचा चाकर होता आणि कृतज्ञतेने त्याने धन्याचे नाव घेतले, म्हणून बहमनी. इतिहासकार हे मानत नाहीत. ते इराणच्या पुराणातल्या बहमन राजाकडे बोट दाखवतात, आणि तेच बरोबर असावे. पण लोकांना अडीचशे वर्षांनंतरही ब्राह्मणाचीच कथा सांगाविशी आणि ऐकाविशी वाटली, हाही इतिहासच आहे. दुसरे नाव मलिक अंबर. हबशी मुलखातून विकला गेलेला हा पोरगा, त्याचे मूळ नाव चापू असे सांगतात. अंबर हे नाव त्याला धन्याने दिले. गुलामांना सुगंधांची आणि रत्नांची नावे द्यायची पद्धत होती. काफूर, अंबर, याकूत. विकायच्या माणसाला दुकानातल्या मालाचे नाव. त्याच अंबरने पुढे निजामशाही चालवली, मोगलांना अडवले, खडकी वसवली, आणि १६२६ साली तो गेला तेव्हा त्या नावातला बाजार संपून नुसता दरारा उरला होता.

गेल्या काही वर्षांत आपल्या घरांतून चाँदबी आणि बाबालाल गेले. आता नावे अरबी, आणि तीही कुणाची नसलेली हवी असतात. बारशाआधी पुस्तके चाळली जातात, मोबाइल धुंडाळले जातात. चांगले अर्थपूर्ण नाव ठेवावे ही शिकवण आहेच आणि ती सुंदर आहे. पण 'हे नाव इस्लामी नाही' असे कुणी म्हणाले की आम्हाला एक साधा प्रश्न पडतो. उमर, अली, खालिद, हमझा ही नावे इस्लामच्या आधीपासूनची होती. ज्यांनी इस्लाम स्वीकारला त्यांनी ती बदलली नाहीत, कारण पैगंबरांनी नाव बदलले ते अर्थ वाईट असेल तरच. आसिया म्हणजे अवज्ञा करणारी, तिला जमीला केले. खदीजा या नावाचा अर्थ दिवस भरण्याआधी जन्मलेली, ते तसेच राहिले. बुखारीत एक हकिकत आहे. हझ्न म्हणजे खडबडीत, कठीण. त्या नावाच्या माणसाला पैगंबरांनी सहल, म्हणजे सोपा, हे नाव सुचवले. तो म्हणाला, बापाने ठेवलेले नाव मी बदलणार नाही. त्याचा नातू पुढे सांगायचा की तो कठीणपणा आमच्या घराण्यात राहिला तो राहिलाच. आम्हाला त्या म्हाताऱ्याच्या हट्टाचे कौतुक नाही, पण त्याच्यावर जबरदस्ती झाली नाही, हे विसरू नये.

इराणच्या मुसलमानांनी रुस्तम, जमशेद, परवेझ सोडले नाहीत. तीच नावे आपल्याकडे पारशांच्या घरीही आहेत. जावात तर करोडो मुसलमान संस्कृत नावे लावतात. इंडोनेशियाच्या पहिल्या राष्ट्राध्यक्षांचे नाव सुकर्णो, महाभारतातल्या कर्णावरून. त्यांची मुलगी मेघावती सुकर्णोपुत्री, तीही राष्ट्राध्यक्ष झाली. बोस्नियाच्या अलिया इझेतबेगोविच यांच्या आडनावात इझेत अरबी, बेग तुर्की आणि 'ओविच' स्लाव. 'इझेत बेगचा मुलगा' असा सरळ अर्थ. आपल्या इनामदार-मुल्ला-पारकरांचे ते दूरचे भाऊबंदच म्हणायचे.

नाव सक्तीने बदलले की काय होते, याचे दोन दाखले. स्पेनच्या दुसऱ्या फिलिपने १५६७ साली ग्रानाड्याच्या बाटवलेल्या मुसलमानांवर फर्मान काढले. अरबी भाषा बंद, पोशाख बंद, अरबी नावे बंद. पुढच्याच वर्षी बंड झाले. बंडवाल्यांनी फर्नांदो दे वालोर नावाच्या तरुणाला राजा केले आणि गादीवर बसताना त्याने नाव घेतले ते इब्न उमय्या. पन्नास वर्षांच्या आत त्या सगळ्या समाजाला देशाबाहेर काढले गेले.

दुसरा दाखला आमच्या हयातीतला. १९८४ च्या डिसेंबरात बल्गेरियाच्या सरकारने आपल्या तुर्की नागरिकांची नावे बदलायला सुरुवात केली. गावाला पोलिसांचा वेढा, रांग, यादीतून एक बल्गेरियन नाव निवडायचे, नवा दाखला घ्यायचा. काही महिन्यांत लाखो माणसांची नावे गेली. त्यांत साडेचार-पाच फुटांचा एक वजन उचलणारा पोरगा होता, नईम सुलेमानोव. तो नाऊम शालामानोव झाला. १९८६ साली मेलबर्नला स्पर्धेसाठी गेला असता तो निसटला आणि तुर्कस्तानात पोचला. १९८८ च्या सोल ऑलिंपिकमध्ये त्याने सुवर्णपदक जिंकले ते नईम सुलेमानओलू या नावाने. पुढे आणखी दोन ऑलिंपिकमध्येही. १९८९ साली तीन लाखांहून जास्त तुर्क बल्गेरिया सोडून गेले. राजवट कोसळल्यावर, १९९० साली, नावे परत घ्यायला कायद्याने मुभा मिळाली.

आपल्याकडे सक्ती नव्हती. ज्यांनी आडनावे बदलली त्यांनी खुशीने बदलली, आणि त्यांना हसणे आम्हाला पटत नाही. जुलाह्यांनी मदीनेच्या अन्सारांशी नाते जोडले आणि ते अन्सारी झाले. खाटीक कुरेशी झाले. उत्तरेतले न्हावी सलमान फारसींच्या नावाने सलमानी, शिंपी हजरत इद्रीसांच्या नावाने इद्रीसी, पाणी वाहणारे भिश्ती करबल्यात पाण्यासाठी हात गमावणाऱ्या अब्बासांच्या नावाने अब्बासी. ज्या शब्दाने पिढ्यान् पिढ्या चारचौघांत मान खाली घालायला लावली, तो टाकून धर्मातल्या थोर माणसाचे बोट धरावे असे कुणाला वाटणार नाही? समतेचा धर्म मानणाऱ्या समाजात मशिदीच्या सफेत खांद्याला खांदा लागायचा आणि सोयरिकीच्या वेळी 'पिंजाऱ्याला मुलगी देत नाही' असे ऐकू यायचे, तेव्हा आडनाव बदलण्यावाचून त्या माणसाच्या हातात होते काय? दोष बदलणाऱ्याचा नाही. आडनावात इतकी उंची-नीची भरून ठेवणाऱ्यांचा आहे, आणि त्यांत आपण सगळे आलो.

पण बदलाची किंमत असते, आणि ती आम्ही मोजली. मुलीला इतर मागासवर्गीयांचा दाखला हवा होता. पिंजारी, नदाफ, मन्सुरी ही नावे यादीत आहेत. पण १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा जातीचा पुरावा पाहिजे. आमच्या शाळेच्या दाखल्यावर शेख, जातीपुढे 'मुसलमान'. वडिलांच्या दाखल्यावरही 'मुसलमान', आडनावाचा रकाना कोरा. दुकानाच्या पाटीला कुणी पुरावा मानत नाही. कचेरीतल्या बाबूंनी कागद परत केले आणि म्हणाले, "शेख जात यादीत नाही." बरोबरच होते ते. शेख ही आमची जात नव्हतीच. ती एका गुरुजींची घाई होती.

सात महिने आम्ही फिरलो. शेवटी आजोबांच्या गावच्या तलाठी दप्तरात जन्म-मृत्यूच्या जुन्या वहीत एक ओळ सापडली, मोडीत. वाचायला जाणता शोधावा लागला. २०२३ मध्ये कुणबी नोंदींसाठी राज्यभर मोडी वाचणारे शोधले गेले तेव्हा आम्हाला त्या दिवसांची आठवण झाली. त्या जाणत्याने चष्मा पुसून वाचले. पणजोबांच्या मृत्यूची नोंद होती. नाव हुसेन, पुढे 'वलद', त्यापुढे त्यांच्या बापाचे नाव, आणि शेवटी पिंजारी. धंद्याच्या रकान्यात पुन्हा पिंजारी. आम्ही त्यांना ती ओळ तीनदा वाचायला लावली. मुलीला दाखला मिळाला. त्या दाखल्यावर कंसात पिंजारी आहे आणि नावात शेख.

तिच्या भावाला, म्हणजे आमच्या मुलाला, गेल्या वर्षी मुलगी झाली. आता सरकारचा नवा नियम आहे. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या कागदांवर नाव, मग आईचे नाव, मग वडिलांचे, मग आडनाव. आम्हाला तो आवडला. निकाहानंतर बाईने नाव बदलावे असे आपल्या शरीअतीत कुठेच नाही. हजरत आयेशा शेवटपर्यंत अबू बक्रांच्या कन्या म्हणूनच ओळखल्या गेल्या. नवऱ्याचे नाव मधे घालायची रीत आपण इथल्या कागदांवरून उचलली. सुनेने पहिले तीन रकाने झटपट भरले. मुलीचे नाव हिराबी ठेवा असे आम्ही सुचवले होते, ते अर्थातच नामंजूर झाले आणि नाव हिरा ठरले. उर्दूतही चालते, मराठीतही.

चौथ्या रकान्यापाशी ती थांबली आणि आमच्याकडे पाहू लागली. आम्ही पिंजारी म्हणालो. मुलगा म्हणाला, "अब्बा, आमच्या दोघांच्या आधारवर शेख आहे. जुळणार नाही, पुढे पासपोर्टला त्रास होईल." मुंबईहून आलेले चुलतभाऊ म्हणाले, मन्सुरी लावा, सगळीकडे चालते. तो कागद अजून कपाटात आहे, तीन रकाने भरलेला.